वाचकांचे प्रश्न: जोधपूरला मित्रांच्या घरी

नाताळच्या सुट्टीत जोधपूरला मैत्रिणीकडे पाच दिवस राहणार आहोत. सोबत 68 वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्यातच जैसलमेर उरकून घ्यावं का? (ठाणे)

नको. जोधपूर ते जैसलमेर साधारण 280 किलोमीटर, म्हणजे जायलाच पाच तास. एका दिवसात जाऊन आलात तर दहा तास गाडीत बसाल, आणि मुक्काम केलात तर पाचांतले दोन दिवस मैत्रिणीच्या घरातून वजा होतील. जैसलमेर वेगळी सुट्टी काढून करावं असं गाव आहे.

जोधपुरात दिवसाला एकच ठिकाण ठरवा आणि दुपार घरी काढा. डिसेंबरात तिथे सव्वासातनंतर उजाडतं. चहा-नाश्ता निवांत करून मेहरानगडला किल्ला उघडतो तेव्हा, म्हणजे नऊच्या सुमारास पोहोचलात तरी पुरतं. राव जोधाने 1459 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला सरळ कड्यावर उभा आहे. आत लिफ्ट आहे, तिचं तिकीट वेगळं. सासूबाईंना जाता-येता दोन्ही वेळा लिफ्टनेच न्या. चढताना दम लागतो एवढंच, पण उतरताना झिजून गुळगुळीत झालेल्या फरसबंदीवर गुडघ्यांची परीक्षा होते. मुलाला मात्र दरवाजांच्या वाटेने चालत उतरवा. वाटेतला दरवाजा ऐन वळणावर का आहे, ते त्याला तिथेच उभं राहून विचारा. वळणावर हत्तीला वेग घेता येत नाही, म्हणून धडक जोरात बसत नाही. फळ्यांवरचे लोखंडी खिळेही हत्तीसाठीच.

किल्ल्याला लागूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथला खडक ज्वालामुखीचा, फार कठीण. त्याच्या फटींत घुसलेली परदेशी वेडी बाभूळ, तिकडचं ‘बावळिया’, 2006 पासून मुळासकट उपटून मारवाडची मूळ झुडपं लावली गेली. चपला नकोत, बूट घाला. बाहेरगावी जायची हौस असेल तर ओसियां 65 किलोमीटरवर आहे. आठव्या शतकापासूनची देवळं बघून जेवायला घरी परतता येतं.

संध्याकाळी घंटाघराकडे मिरचीवडा खा. कढईतून निघताना दिसेल तोच घ्या. आधी तळून ठेवलेला पुन्हा तेलात सोडला की बेसन तेल पितं आणि आतला बटाटा थंडच राहतो. तिथले लोक तो पावाच्या स्लाइसबरोबर खातात. मुलाला लागणारा तिखटपणा त्याने बराच कमी होईल.

कपड्यांचं एक सांगायलाच हवं. दिवसा 25 अंश असले तरी पहाटे पारा 10च्या आसपास उतरतो, आणि दगडी घरं आतून गार असतात. जाड पायमोजे आणि शाल घराबाहेरपेक्षा घरातच जास्त लागते.

तिकडे गेलं की मुलाच्या नाकातून रक्त येतं. काय करावं? (रत्नागिरी)

किनाऱ्यावरच्या दमट हवेतून एकदम कोरड्या हवेत गेलं की नाकाची आतली त्वचा सुकते, खपली धरते, आणि बोट लागलं की फुटते. पहिल्याच दिवसापासून मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब दिवसातून तीन-चारदा घाला. नखं कापून ठेवा. रक्त आलंच तर डोकं मागे टाकू देऊ नका, रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये सोडून बघू नका. वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरकडे न्या. पाणीही ठरवून पाजा, कारण घाम अंगावरच वाळतो आणि तहान कळत नाही.

मित्र म्हणतो मे महिन्यात या, घरात मोठा कूलर आहे. आम्ही मुंबईकर, कूलर कधी वापरलेला नाही. (मुलुंड)

मेमध्ये पारा 42-43 सहज गाठतो. अकरा ते पाच घरात बसायची तयारी असेल तरच जा. तेवढी असेल तर कूलर साथ देतो.

कोरडी हवा ओल्या जाळीतून जाते, पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं आणि हवा गार होते. मुंबईकरांची चूक ठरलेली: एसीच्या सवयीने सगळी दारं-खिडक्या लावून घेणं. मग ओलावा खोलीतच साठतो आणि तासाभरात अंग चिकट होतं. कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. आधी पंप चालू करा, जाळी नीट भिजली की पंखा लावा. रात्री टाकी भरून झोपा, नाहीतर पहाटे गरम झोत येतो. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा, शॉक बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असल्याने तो फारसा चालत नाही.

मित्राचं कुटुंब मारवाडी आहे. पाहुणे म्हणून काय सांभाळावं? (नाशिक)

पहिल्यांदा अर्धंच वाढून घ्या. ‘मनवार’ म्हणजे आग्रह, तो दोन-तीनदा होणारच, आणि शेवटचा घास यजमानाच्या हातून घेण्यात त्यांना आनंद असतो. नावापुढे ‘सा’ लावा: भाभीसा, काकोसा. पाणी लांबून कालव्याने येतं आणि घराच्या टाकीत साठवतात, त्यामुळे शॉवर नको, बादलीने आंघोळ करा. न्यायला गोडा मसाला, आमसुलं आणि ज्वारीचं पीठ न्या. बाजरी त्यांच्याकडे भरपूर असते. एका रात्री स्वयंपाक तुम्ही करा, पिठलं आणि भाकरी.

येताना केर-सांगरी आणली, पण भाजी कचकचीत आणि कडवट झाली. (पुणे)

वाळवणात वाळू असतेच. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा, केर म्हणजे काटेरी झुडपाची छोटी फळं. 100 ग्रॅम सांगरीला 50 ग्रॅम केर घ्या. चार-पाच पाण्यांनी धुवा. दरवेळी हाताने वर उचलून घ्या, भांडं ओतू नका, वाळू तळाशी राहते. मग दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर भिजवा, सांगरी पाण्यात आणि केर आंबट ताकात. कडवटपणा केरचा असतो, तो ताकात उतरतो. सकाळी पुन्हा धुऊन, एकत्र करून कुकरला दोन शिट्ट्या द्या. पाणी टाकून द्या, पूर्ण निथळू द्या.

पाच मोठे चमचे तेल तापवून जिरं, हिंग आणि चार सुक्या मिरच्या टाका. हळद, तिखट, दोन चमचे धणेपूड थोड्या पाण्यात कालवून घाला, म्हणजे जळणार नाही. तेल सुटलं की भाजी, मीठ आणि मूठभर मनुका घालून दहा मिनिटं मंद आचेवर परता. शेवटी चमचाभर आमचूर. तेल कमी केलंत तर शेंगा चामट लागतात. मारवाडात ती बाहेर दोन-तीन दिवस टिकते, आपल्याकडे मात्र त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवा.