'भांडवली खर्च' : भांडवल मोडणे की भांडवल घडवणे?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : "वर्गात गुजरातीत 'मूडी खर्च' ऐकते, मराठी पेपरात 'भांडवली खर्च' वाचते. आजी म्हणते, भांडवलाला हात लावू नये. मग सरकारने भांडवल खर्चले की देशाची वाढ होते, हे कसे?"

प्रश्न फार चांगला आहे, कारण अडचण 'भांडवली' या विशेषणातच आहे. 'सरकारी खर्च' म्हटले की खर्च करणारा कळतो, 'लग्नाचा खर्च' म्हटले की कारण कळते. 'भांडवली'तला 'ई' मात्र एवढेच सांगतो की भांडवलाशी संबंध आहे. कोणता संबंध, ते आपण ठरवायचे. आजींनी 'भांडवलातून' असा अर्थ लावला. अर्थसंकल्पात तो 'भांडवल उभे राहील असा' आहे. रस्ता, पूल, कालवा, रेल्वेमार्ग : पैसा गेला तरी वस्तू मागे उरते. त्याचा जोडीदार 'महसुली खर्च', म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने. ('महसूल' मूळ अरबी, 'हासिल'चा सख्खा भाऊ.)

वाढ दोनदा होते. बांधकाम चालू असताना सिमेंट, पोलाद, मजुरी यांना मागणी येते. नंतर मालवाहतूक स्वस्त झाली की खाजगी कारखानदारही पैसा घालतो. जिथे रस्ते आणि वीजच अपुरी, अशा देशात हा दुसरा परिणाम मोठा. अर्धवट सोडलेला पूल मात्र फक्त पहिलाच परिणाम देतो.

आजींची काळजी तरी अस्थानी नाही. मुद्दल मोडलेले नसते, पण पैसा बहुधा कर्जाचा असतो आणि तो हिशेबात 'भांडवली जमा' म्हणून येतो. तेच विशेषण, पण इथे कशाचीच घडण नाही! पुढे त्याचे व्याज दरवर्षी महसुली खात्यात पडते.

म्हणून 'भांडवली' हे शाबासकीचे विशेषण समजू नये, ते खतावणीतले खाते आहे. आपल्या बडोद्याचेच बघा. सयाजीराव महाराजांनी आजवा सरोवर बांधले, तो भांडवली खर्च. शहर आजही ते पाणी पिते. 1906 साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण केले, त्यातला शिक्षकांचा पगार आजच्या हिशेबात महसुली. त्याने काही घडले नाही असे बडोद्यात कोण म्हणेल?

काहीतरी घडवणारा खर्चही महसुली खात्यात पडतो, ही त्रुटी सरकारी भाषेनेही थोडी ओळखली आहे. राज्यांना मालमत्ता उभारायला दिलेले अनुदान केंद्राच्या वहीत महसुली ठरते, म्हणून ते मिळवून 'प्रभावी भांडवली खर्च' असा वेगळा आकडा देतात. 2025-26च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्च 11.21 लाख कोटी रुपये, तर प्रभावी 15.48 लाख कोटी. शिक्षकाचा पगार मात्र त्यातही नाही.

तुम्ही लिहिताना 'भांडवली खर्च'च ठेवा, रूढ आहे. आजींना सांगताना 'भांडवल उभारणीचा खर्च' म्हणा.