सेकंदाला २९.९७ फ्रेम (चित्रं) या वेगावर व्हिडिओ बरोबर एक तास रेकॉर्ड केला, पण टाइमलाइनवर ००:५९:५६:१२ (तास:मिनिटं:सेकंद:फ्रेम) दिसतंय. फ्रेम गहाळ झाल्या का?

नाही, एकही फ्रेम गेलेली नाही. टाइमकोड म्हणजे फ्रेमवर टाकलेला अनुक्रमांक. नॉन-ड्रॉपमध्ये, म्हणजे एकही क्रमांक न वगळणाऱ्या मोजणीत, ३० फ्रेम मोजून झाल्या की सेकंदाचा आकडा पुढे सरकतो, त्या ३० फ्रेमना प्रत्यक्षात कितीही वेळ लागो. २९.९७ चा नेमका वेग ३०००० भागिले १००१ आहे, म्हणजे ३० फ्रेमना १.००१ सेकंद लागतो. घड्याळी तासात १,०७,८९२ फ्रेम होतात. ३० ने भागा: ३५९६ सेकंद, म्हणजे ५९ मिनिटं ५६ सेकंद, आणि वर १२ फ्रेम. तुमचा आकडा हाच. दिवसभर रेकॉर्डिंग चाललं तर फरक ८६ सेकंदांवर जातो.

हा वेग १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीतून आला. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भिडून चित्रात जाळी उमटू नये म्हणून चित्राच्या आडव्या ओळींची वारंवारता (सेकंदाला किती ओळी) ४.५ मेगाहर्ट्झच्या २८६ व्या हिश्श्यावर बांधली. तिला ५२५ ओळींनी भागलं की २९.९७ येतं. भारतात २५ चा वेग, म्हणून ही भानगड नाही.

टाइमकोड घड्याळाशी जुळवण्याचा उपाय ड्रॉप-फ्रेम. यात प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे फ्रेमचे क्रमांक वगळतात, फक्त १० ने भाग जाणाऱ्या मिनिटांना सोडून. ००:००:५९;२९ नंतर थेट ००:०१:००;०२. तासात ५४ वेळा दोन-दोन, असे १०८ क्रमांक वगळले जातात आणि चूक उरते तासाला जेमतेम ३.६ मिलिसेकंद. अर्धविराम दिसला की ड्रॉप-फ्रेम समजा. कार्यक्रम ठरलेल्या मिनिटांत बसवायचा असेल तर हाच मोड घ्या, आणि सगळ्या कॅमेऱ्यांवर एकच ठेवा. २३.९७६ ला ड्रॉप-फ्रेम नसतो. तिथे टाइमकोडच्या कालावधीला १.००१ ने गुणा.

वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सरकत असेल तर किती सरकतो ते आधी मोजा. तासाला ३.६ सेकंद असेल, तर कुठेतरी २९.९७ ची फाइल ३० समजून वाचली जातेय. क्लिपची फ्रेम रेट सेटिंग तपासा. तासाला एखाद-दोन फ्रेम असेल, तर दोन उपकरणांतल्या वेळ मोजणाऱ्या क्रिस्टलमधला फरक आहे. दहा लाखांत १० भागांचा फरकही तासाला ३६ मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमहून थोडा जास्त होतो. अशा वेळी आवाजाची लांबी तेवढ्या प्रमाणात बदलावी. सुरुवातीला एकदा टाइमकोड जुळवून भागत नाही, दर काही तासांनी पुन्हा जुळवावा लागतो. आवाज कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर फाइल बहुधा मोबाइलची, बदलत्या फ्रेम रेटची आहे. मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये खात्री करा आणि संकलनाआधीच ती स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतरित करून घ्या.