लिहिलेलं वाचायला लोक पुन्हा पुन्हा यावेत म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गुहागर तालुक्यातले, दीड वर्ष कोकणातल्या ठिकाणांवर ब्लॉग लिहिताय, चाळीसेक लेख झालेत. नवा लेख फेसबुकवर टाकला की दोन दिवस गर्दी होते, मग शुकशुकाट. वाचक शेवटपर्यंत थांबावा आणि परत यावा, यासाठी कसं लिहायचं?

मी मालवणजवळ राहते. गेली नऊ वर्षं मासळी, स्वयंपाक आणि किनाऱ्यावरचं रोजचं जगणं यावर लिहिते. माझे वाचक लाखांनी नाहीत, पण पहिल्या वर्षी आलेले बरेचसे अजून आहेत. ते का राहिले, याचा मी पुष्कळ विचार केलाय.

आधी आईची मासेवाली सांगते. बाजारात पंधरा-वीसजणी ओळीने बसायच्या, सगळ्यांकडे जवळपास तीच मासळी आणि भावही तोच. तरी आई तीसेक वर्षं एकीकडेच गेली. मी लहान असताना एकदा आईने बांगड्यांच्या वाट्याला हात घातला, तर ती म्हणाली, "वैनीनू, आज बांगडे न्हेव नकात, बरफातले आसत. उद्या येवा." त्या दिवशी तिचा वाटा पडून राहिला. आई मात्र पुढे तिने पिशवीत घातलेलं न बघता घरी आणायची. वाचकाचं आणि माझं नातं तसं व्हावं, एवढ्याच एका गोष्टीसाठी मी लिहिते. बाकीच्या सगळ्या युक्त्या मला त्याच्यानंतरच्या वाटतात.

आता तुमच्या लेखाकडे येते. तुम्ही दिलेला हेदवीच्या बामणघळीवरचा लेख मी दोनदा वाचला. सुरुवात आहे, 'कोकण म्हणजे निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण.' हे वाक्य दापोलीला चालेल, वेंगुर्ल्याला चालेल, केरळातही चालेल. वाचकाने ते शंभर वेळा वाचलेलं असतं, म्हणून त्याचा अंगठा पुढे सरकतो. घळीतून पाणी उसळतं हे तुम्ही चौथ्या परिच्छेदात सांगता. आणि ते कधी उसळतं, हे लेखात कुठेच नाही! पुण्याहून पहाटे निघून एखादं कुटुंब ओहोटीला तिथे पोचलं, तर त्यांना कातळातली एक चीर दिसेल, बस. ते तुमचा दुसरा लेख उघडतील का?

भरतीच्या लाटा त्या अरुंद घळीत शिरतात, कोंडतात आणि वर उडतात. म्हणजे भरतीची वेळ हाच त्या लेखाचा जीव आहे, आणि ती काढायची रीत तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना नक्की ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती अकरा-बाराच्या आसपास, आणि त्या दोन-तीन दिवसांचं पाणी सगळ्यात मोठं, उधाणाचं. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेही लिहा. उधाणात घळीच्या तोंडाशी जाऊ नका, लांबून बघा, हे तर ठळक लिहा.

बघा, लेख एकदम कुठच्या कुठे गेला. वाचक हा हिशेब अलिबागला वापरेल, देवबागला वापरेल, कालनिर्णय बघून मुलांना समजावेल, आणि प्रत्येक वेळी त्याला तो कुठे वाचला ते आठवेल. प्रत्येक लेखात असं एक तरी काही हवं, जे वाचक घरी घेऊन जाईल आणि जे फक्त तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते सापडलं नसेल तर लेख आठ दिवस ठेवून द्या. मी ठेवते.

ते नेमकेपण कुठून आणायचं? लिहिताना मी माझ्या डोंबिवलीच्या मावसबहिणीला समोर बसवते. ती लोकलमध्ये उभ्याने, एका हातात फोन धरून वाचते. मी आमसुलांवर लिहिलं होतं (रतांबा म्हणजे कोकमाचं फळ), 'रतांब्याच्या साली रसात बुडवून उन्हात वाळवाव्यात.' तिचा लगेच फोन, "अगं, पण किती वेळा? मीठ कधी? झाली हे कळणार कसं?" मी परत आईपाशी जाऊन बसले. साली वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसात पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं कितीतरी वेळा. साल काळसर होऊन चामड्यासारखी वाकायला लागेपर्यंत. त्या लेखाला रतांब्याच्या दिवसांत दरवर्षी पुन्हा वाचक येतात. म्हणून लेख टाकण्याआधी एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचून दाखवा आणि तो जिथे "म्हणजे?" म्हणेल तिथे थांबा.

शब्दांचंही तसंच. तुम्ही ज्याला कुर्ली म्हणता त्याला अलिबागकडचा माणूस चिंबोरी म्हणतो आणि पुणेकर खेकडा. माझ्या लेखात नुसतं 'कुर्ल्या' होतं, म्हणून तो फक्त आमच्याच माणसांना सापडायचा. आता पहिल्या दोन ओळींत तिन्ही शब्द येतात, पुढे मी माझा कुर्ल्याच म्हणते. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले, ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं. अजून लावलं नसेल तर आज लावा. त्यातले कितीतरी मला थेट प्रश्नच वाटतात, आणि माझे निम्मे विषय तिथूनच आले. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे आपण फोनवर टाइप करतो त्या मराठीत. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर शोधात तो सापडतच नाही. फोटो बारीक करून टाका, घाटात आणि गावात रेंज कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता जे सांगायला अजूनही जड जातं ते. एका हिवाळ्यात मी सिंधुदुर्ग किल्ल्यावर लिहिलं: 1664 साली बांधकाम सुरू, कुरटे बेटावरची जागा, आतली मंदिरं, गोड्या पाण्याच्या विहिरी, सगळं. आणि सहज लिहून गेले, 'होड्या रोज सुटतात.' पुढच्या जूनमध्ये सांगलीचं एक कुटुंब तो लेख वाचून मालवणला आलं, बरोबर ऐंशीच्या घरातली आजी. समुद्र खवळलेला आणि होड्या बंद. पावसाळ्यात त्या बंदच असतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त लिहायचं सुचलं नाही. त्यांनी मला मेसेज केला. शिवी नव्हती, एकच ओळ होती: 'आजीला किल्ला लांबून दाखवला.' मी त्या रात्री जेवू शकले नाही. त्यांची माफी मागितली आणि लेखाच्या अगदी वर लिहिलं की ही चूक माझी होती, पावसाळ्यात होडी नसते, निघण्याआधी बंदरावर विचारून घ्या. खाली दुरुस्तीची तारीख टाकली. ते गृहस्थ आजही माझं लिखाण वाचतात. चूक गुपचूप पुसली असती तर ते राहिले नसते, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तेव्हापासून जुने लेख मी पुन्हा पुन्हा तपासते. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी उघडायला लागलं. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांसाठी मी लिहिलेला लेख तोवर चार महिन्यांचा हिशेब सांगत होता. तो तसाच राहिला असता तर कुणीतरी माझ्यावर विसंबून भलत्याच दिवशी सकाळी फोन घेऊन बसलं असतं. नवा लेख लिहिण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, पण मी ते आधी करते.

किती वेळा लिहावं, असंही तुम्ही विचारलंय. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढलं ते पाक्षिक म्हणून, आणि त्याच वर्षी ते साप्ताहिक झालं. आधी झेपेल तेवढं, मग वाढवायचं. मीही महिन्यातून दोनच लेखांनी सुरुवात केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाचकाच्या घरात ज्या दिवशी तो विषय निघेल त्याच्या जरा आधी लेख पोचायला हवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी, म्हणून सुकी मासळी आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीवरचं मेच्या सुरुवातीला. गणपतीच्या आरक्षणाचं साठ दिवसांच्याही आधी. तुमच्या चाळीस लेखांतले किती असे हंगामाशी बांधता येतील ते एकदा वहीत मांडा.

आणि बामणघळीवरचा लेख पुन्हा लिहा. कालनिर्णय काढून येती पौर्णिमा बघा, त्या दिवशी साडेदहालाच हेदवीला जाऊन सुरक्षित जागी बसा. पहिला फवारा किती वाजता उडाला, आवाज आधी येतो की पाणी, किती लांब उभं राहिलं तरी अंग भिजतं, परत येताना चहा कुठे मिळाला, सगळं टिपा. लेख तिथून, त्या पहिल्या फवाऱ्यापासून सुरू करा. झाला की मला पाठवा, मी मावसबहिणीलाही वाचायला देईन.