काटे, फुफाटा आणि काळी माती: नागपुरात टिकलेलं माउंटन बाइकचं सामान

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलीच हार्डटेल (फक्त पुढे स्प्रिंग असलेली माउंटन बाइक), २९ इंची चाकं, पुढे कॉइल स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागी दांडा), ३ बाय ८ गिअर (पुढे तीन चक्र्या, मागे आठ), तारेवरचे डिस्क ब्रेक. राहायला मनीषनगर. रविवारी झिल्पी, मधे जमलं तर सेमिनरी हिल्स. हाताशी थोडे पैसे आले आहेत, तर आधी फोर्क बदलू की गिअर १ बाय १२ करू?

दोन्ही नको. आधी टायर.

हे मी आवडीनिवडीवरून सांगत नाही, आपल्या जमिनीवरून सांगतो. नागपूर दोन दगडांच्या सीमेवर वसलेलं आहे. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, म्हणजे हिंगणा, झिल्पी, कोंढाळीकडे, दख्खनचा काळा दगड. टेकडीवर मुरूम आणि सुटी गिट्टी, खाली उतरलं की काळी माती. रामटेक-मनसरकडे गेलात तर दगड वेगळा, त्याहून कितीतरी जुना. तिथे माती रेताड लागते, मनसरला तर मँगनीजच्या खाणी आहेत. यूट्यूबवरचे पोट्टे ज्या ओलसर, पानांनी भरलेल्या जंगलवाटेवर टायर तपासून राहिले, तशी वाट आपल्याला वर्षातून फार थोडे दिवस मिळते. बाकी दिवस फुफाटा, गिट्टी आणि काटे.

काट्यांवर जरा थांबतो, कारण नव्या माणसाची सायकल घरी पडून राहते ती बहुतेक पंक्चरला कंटाळूनच. आपल्याकडे दोन काटे. एक बाभळीचा: शेतकरी धुऱ्याला काट्या लावतात, त्या ओढून नेताना पांदणीवर सांडतात. लांब, सरळ, कडक. टायर जाड असला तरी आरपार जातो. दुसरा सराटा, काही जण गोखरू म्हणतात. पावसाळा संपला की वेल वाळते आणि फळं विखुरतात. फळ कसंही पडलं तरी एखादं टोक वर राहतंच. बाभळीचा काटा एक भोक पाडतो. सराट्याच्या पट्ट्यातून टायर गेला की पाच-सहा ठिकाणी टोचलेला निघतो. तिथे ट्यूब आणि पॅच घेऊन बसलात तर सकाळ गेली.

म्हणून ट्यूबलेस. रबराचा चीक मिसळलेलं द्रव्य, म्हणजे सीलंट, टायरमध्ये फिरत असतं. भोकातून हवा बाहेर पडताना ते सोबत ओढलं जातं, त्यातले रबराचे कण गोळा होतात आणि भोक बुजतं. सराट्याचं भोक बहुतेक वेळा तुम्हाला कळायच्या आत बंद झालेलं असतं. २९ बाय २.२५ च्या टायरला साधारण १०० मिली सीलंट लागतं. पुस्तिकेत कितीही महिने लिहिलेले असोत, ते आपल्या मे महिन्याचे नाहीत. मार्च ते जून दर दीड-दोन महिन्यांनी बघायचं. बघायची पद्धत अशी: वॉल्व्ह बाजूला येईल असं चाक धरून हवा सोडा, वॉल्व्हचा आतला भाग (कोअर) काढा, मग वॉल्व्ह तळाशी आणा आणि त्यातून खराट्याची काडी आत घाला. काडी ओली निघाली तर ठीक. कोरडी निघाली किंवा टोकाला रबराचा गोळा चिकटून आला तर ६० मिली नवं घाला.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये कित्येक काटे तसेच रुतून बसलेले असतात, कारण त्यांनी काही बिघडवलेलं नसतं. एखाद्या दिवशी दगडाने टायर फाटला आणि तुम्ही वाटेत ट्यूब घातली, की हे सगळे जुने काटे ट्यूबवर तुटून पडतात. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा आहे. बोटं फिरवू नका, बाभळीचा काटा नखाखाली गेला तर आठवडाभर ठणकतो.

टायर कोणता? मॅक्सिसचा आर्डेंट पुढे आणि आयकॉन मागे ही जोडी आपल्या मुरमावर चांगली चालते. पुढच्याला पकड, मागचा हलका पळतो. घेताना टायरवर ट्यूबलेस रेडी लिहिलेलं आहे ना, आणि बाजूच्या भिंतीला जादा संरक्षण आहे ना, एवढं बघा. मॅक्सिस त्याला एक्सो म्हणतं. काळ्या दगडाच्या कडा धारदार असतात, त्या टायरची भिंत चिरतात, आणि भिंतीची चीर सीलंटने भरत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा दोन बोटं रुंद तुकडा सोबत ठेवा, आतून लावला की घरापर्यंत पोचता येतं. मोठ्या भोकासाठी त्यात कोंबायची प्लगची पट्टी आणि सुई. हे सामान मुठीत मावतं.

हवेचा दाब. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसवर पुढे २३-२४, मागे २६-२७ पीएसआय पुरे होतो. आपल्याकडे सायकलवाले प्रेमाने पन्नास भरून देतात, मग गिट्टीवर सायकल उड्या मारते आणि माणूस म्हणतो फोर्क खराब आहे. तुमच्या फोर्कबद्दलच्या निम्म्या तक्रारी टायर बदलून दाब उतरवला की जातील. मीटर असलेला उभा पंप घ्या. टोपीक कंपनीचा ‘जो ब्लो’ पंप वर्षानुवर्षं चालतो, वायसर तेवढं बदलायचं.

काळ्या मातीला मात्र कोणताही टायर पुरा पडत नाही. पाऊस पडून गेला की ती टायरवर थरावर थर चढते, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या (चेनस्टेच्या) बेचक्यात भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी सेमिनरी हिल्सचा मुरूम धरा, तो तासाभरात निथळतो. पावसाळ्यातही शेताकडेच जायचं असेल तर मागे २.४ इंच रुंद टायरचा मोह टाळा, २.१ घाला, टायर आणि फ्रेम यांच्यात जेवढी जागा तेवढा चिखल निघून जाईल.

आता ब्रेक. दुसरा खर्च इथे करा. शिमानोचे एमटी २०० हायड्रॉलिक ब्रेक कंपनीच्या यादीत अगदी खालचे आहेत, पण मला विचाराल तर पैशाच्या मानाने सगळ्यात समाधानाची खरेदी तीच. आत मिनरल ऑइल असतं, ते हवेतलं पाणी शोषत नाही, त्यामुळे पावसाळ्यानंतरही लगेच तेल बदलायची घाई नसते. या ब्रेकसोबत येणाऱ्या स्वस्त रोटरवर (चाकावरच्या तबकडीवर) फक्त रेझिन पॅड वापरा अशी सूचना कोरलेली असते, ती पाळा. धातूचे पॅड लावले तर रोटर भराभर झिजतो. नवे पॅड घातले की मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. सायकल गाडीत टाकून रामटेकला नेताना चाक काढलंत तर दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. लिव्हर चुकून दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात, आणि मग चाक परत बसवताना घाम फुटतो. चेनवर तेलाचा स्प्रे मारताना तो रोटरवर उडू देऊ नका. तेल प्यायलेले पॅड घासून, जाळून, साबणाने धुऊन नीट होतात असं सांगणारे भेटतील. पॅड बदला आणि मोकळे व्हा.

गिअरचं म्हणाल तर सध्या आहे तेच चालू द्या. १ बाय १२ दिसायला सुटसुटीत आहे, पण हिशेब करा. तुमच्या पुढच्या लहान चक्रीला २२ दात आणि मागच्या मोठीला ३२ असतील तर पेडलच्या एका फेरीला मागचं चाक ०.६९ फेरी फिरतं. पुढे एकच ३२ ची चक्री आणि मागे ५१ केलं तर ०.६३. म्हणजे चढावर मिळणारा आराम थोडाच जास्त. आणि आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्सचा, नाहीतर रामटेकच्या गडाचा. सह्याद्रीचे घाट नाहीत. शिवाय शिमानोच्या १२ गिअरच्या डिओर संचाला मायक्रो स्प्लाइन नावाच्या वेगळ्या खाचांच्या बॉडीचा हब (चाकाचा मधला भाग) लागतो, म्हणजे कॅसेटपाठोपाठ (मागच्या चक्र्यांच्या संचापाठोपाठ) हब आणि हबपाठोपाठ चाक. कधी बदलायचंच झालं तर ११ गिअरचा डिओर एम ५१०० बघा, तो जुन्या पद्धतीच्या हबवर बसतो. त्याच्या मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) क्लच आहे, तो चेन ताणून धरतो. गिट्टीवर चेन फ्रेमला फडफड आपटायची थांबते. बदलाचा खरा फायदा मला तिथे वाटतो, दातांच्या संख्येत नाही.

डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर मात्र आजच जादा घेऊन ठेवा. सायकल उजवीकडे पडली की वाकतो तो हाच, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. मॉडेल बंद झालं की शोधत बसावं लागतं. हा एवढासा तुकडा नसल्यामुळे चांगल्या सायकली महिनाभर भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत.

चेनसाठी मेणाचं ल्युब, निदान नोव्हेंबर ते मे. फुफाटा तेलाला चिकटतो आणि चेनला कानस करून सोडतो. मेण कोरडं राहतं, त्यावर धूळ बसत नाही. स्क्वर्टसारखं बाटलीतलं घ्या. आदल्या रात्री लावायचं, सकाळी निघताना नाही, त्यातलं पाणी उडून जायला वेळ लागतो. पहिल्यांदा लावण्याआधी कारखान्याचं ग्रीस रॉकेलने पूर्ण काढलं नाही तर मेण पकडत नाही. काही दुकानांत मोबिल ऑइल ओततात, त्यांना हसून नको म्हणा. पावसाळ्यात ओल्या हवामानाचं तेल वापरा, मेण धुऊन जातं.

चेन झिजली की नाही हे बघायला खास हत्यार नसलं तरी चालतं. हार्डवेअरच्या दुकानातली पोलादी फूटपट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि २४ कड्या मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. ती १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे सरकली की अर्धा टक्का झीज झाली. ११-१२ गिअरची चेन तिथेच बदलायची. तुमची ८ ची पाऊण टक्क्यापर्यंत चालते. केएमसीची ८ गिअरची चेन स्वस्त आहे. ती वेळेवर बदलली तर कॅसेट दोन-तीन चेन सहज काढते.

हबबद्दल लोक नाक मुरडतात, पण शिमानोचा साधा कप-कोन हब (सुट्या छर्ऱ्यांवर फिरणारा) आपल्याकडे फार सोयीचा. सीलबंद बेअरिंग बसलं की ते ठोकून काढायला ओढणारं हत्यार हवं. इथे दोन पातळ कोन पाने आणि ग्रीसचा डबा पुरतो. मागच्या हबला सहसा पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला नऊ. कुठल्याही जुन्या सायकल मिस्त्रीकडे मिळतात. पाऊस ओसरला की, दसऱ्याला सायकलची पूजा करायच्या आधी, हब उघडा. ग्रीस काळ्या मातीच्या रंगाचं झालेलं असेल. पुसा, छर्रे नवे टाका, आणि कोन आवळताना किंचित ढिला ठेवा. क्विक रिलीज (चाक आवळायची लिव्हर) आवळल्यावर तो ढिलेपणा निघून जातो. चाक हाताने फिरवून एक्सल बोटांत धरा, खरखर जाणवली तर कोन अजून किंचित सोडा.

पेडल: क्लिपलेसचं (बूट अडकवायच्या पेडलचं) मन होत असेल तर शिमानोचे पीडी एम ५२०. जड आहेत, दिसायला साधे आहेत, मरत नाहीत. यांत्रिक भाग उघडा असल्यामुळे चिखल बाजूने निघतो. सुरुवातीला बुटाच्या तळाला एसएच ५६ क्लीट (पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लावा, पाय कोणत्याही बाजूला फिरवला की सुटतो. पण नाल्यातून सायकल उचलून न्यायची वेळ वारंवार येत असेल तर पिना असलेले नायलॉनचे सपाट पेडल आणि कडक तळाचा बूट बरा. डाव्या पेडलची चूडी उलटी असते, हे दुकानदाराच्या पोऱ्यालाही एकदा आठवण करून द्या.

हेल्मेट, चष्मा, पॅड असलेली चड्डी यावर वाद नको, घ्याच. हेल्मेटवर ईएन १०७८ लिहिलेलं असावं. त्याखाली पातळ सुती दुपट्टा ओला करून बांधा. विदेशी कूलिंग कॅप आपल्या दुपट्ट्यासमोर फिकी आहे. पाठीवरची पाण्याची पिशवी घेतलीत तर घोट घेतल्यावर नळीत फुंकर मारून पाणी परत आत ढकला, नाहीतर उन्हात पुढचा घोट चहा लागतो. नवतप्यात पहाटे पाचला निघून आठला घरी, त्यापुढे खिशात कांदा ठेवूनही उपयोग नाही.

आणि फोर्क सगळ्यात शेवटी. हवेचा फोर्क चांगलाच असतो, पण आधी तुमच्या फ्रेमच्या पुढच्या नळीत बसणारा फोर्कचा दांडा (स्टीअरर) सरळ आहे की खाली रुंद होणारा, पुढचा एक्सल क्विक रिलीज आहे की १५ मिमीचा, हे बघावं लागेल. ते जुळलं नाही तर पुढचं चाकही नवं. तोवर प्रत्येक फेरीनंतर फोर्कच्या चकचकीत नळ्या कोरड्या फडक्याने पुसा. आपली धूळ सीलमध्ये शिरली की तीच नळ्या खरवडते.

आता दोन गोष्टी मोजून कळवा. रिमच्या कडेला ६२२ आणि त्याच्यासोबत एक लहान आकडा छापलेला असेल, तो आतल्या रुंदीचा. दुसरं, मागचा हब कॅसेटचा आहे की चूडीवर फिरवून बसवलेल्या फ्रीव्हीलचा. पहिल्यावरून टायरची रुंदी आणि ट्यूबलेससाठी रिमवर चिकटवायची टेप ठरवू. फ्रीव्हील निघालं तर ११ गिअरचाही विचार सध्या बाजूला ठेवा, ते पैसे ब्रेकला लावा.