टाइमशेअर मुलांच्या गळ्यात पडू नये म्हणून

प्रश्न : माझं वय 71. 2011 साली 25 वर्षांचं हॉलिडे क्लबचं सदस्यत्व (टाइमशेअर) घेतलं, वर्षाला एक आठवडा रिसॉर्टमध्ये राहायचं. ही गेल्यापासून कुठे जाणं नाही, देखभाल शुल्क मात्र दरवर्षी वाढतंय. मुलगी पुण्यात, मुलगा टोरांटोत. दोघंही 'आम्हाला नको' म्हणतात. मृत्युपत्रात काय लिहू?

काका, आधी कपाटातला करारनामा काढा. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि जागेत तुमचा हिस्सा दाखवणारा असेल, तर मामला स्थावराचा. मग तो मला पाहावा लागेल. बहुतेकांकडे नुसता वापराचा हक्क असतो, तेच धरून सांगतो.

करार कायद्याचं कलम 37 तुमची देणी वारसांपर्यंत नेतं खरं, पण वसुली होते ती तुमच्याकडून त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. टोरांटोचा पगार सुरक्षित आहे. गफलत होते ती पुढे. क्लबकडून 'नाव बदलायचा फॉर्म' येतो, मुलं भावनेच्या भरात सही करतात आणि करार त्यांचा स्वतःचा होऊन बसतो. एखादा आठवडा 'बाबांची आठवण' म्हणून वापरला तरी नकार देणं अवघड. दोघांना आत्ताच बजावून ठेवा.

आता मृत्युपत्र. 'माझी सर्व जंगम मालमत्ता मुलीस' अशा एका ओळीत लोक उरकतात, आणि तिथेच फसतात. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 122 खाली ओझ्यासकट दिलेलं (इथे ओझं म्हणजे क्लबचं शुल्क) घ्यायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. कायद्यातलंच उदाहरण आहे : भरभराटीच्या आणि अडचणीतल्या कंपनीचे शेअर एकत्र दिले, वारसाने अडचणीतले नाकारले, तर चांगलेही गेले. कलम 123 मात्र म्हणतं, दोन गोष्टी स्वतंत्रपणे दिल्या असतील तर एक घेऊन दुसरी सोडता येते. म्हणून एफडी, दागिने एका परिच्छेदात आणि क्लब वेगळ्या परिच्छेदात :

'सदर सदस्यत्व मी मुलीस स्वतंत्रपणे देत आहे. तिने ते नाकारल्यास इतर कोणत्याही मिळकतीवरील तिच्या हक्कास बाधा येणार नाही.'

त्याहून बरं म्हणजे हयातीतच सोडवणं. करारात सरेंडरचं, म्हणजे सदस्यत्व क्लबला परत करण्याचं कलम असेल तर आजच स्पीड पोस्टाने पत्र टाका, पोच जपा. 'गिऱ्हाईक तयार आहे, आधी जीएसटी भरा' असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका.

मसुदा झाला की पाठवा. सही मात्र दोन साक्षीदारांसमोर, आणि दोघांनीही तुमच्यासमोरच सही करायची.