रोममधल्या चर्चमधल्या गव्हाणीच्या देखाव्यांचे फोटो

गेल्या नाताळात रोममध्ये काढलेले गव्हाणीचे, म्हणजे येशूजन्माच्या मूर्तींच्या देखाव्याचे, फोटो पिवळट आणि सपाट आले, यंदा २० डिसेंबरला परत जाताय आणि नवी लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, लेन्स राहू द्या. आधी तारखांचं बघा.

हे देखावे साधारण ८ डिसेंबरपासून मांडले जातात, पण बाळ येशूची मूर्ती २४ तारखेच्या रात्रीच ठेवतात. तोवर मरिया आणि योसेफ यांच्यामध्ये नुसतं गवत असतं. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे ६ जानेवारीला पोहोचतात. काही ठिकाणी त्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकवतात. तुम्ही विसाव्या तारखेलाच पोहोचताय, म्हणजे रिकामी गव्हाण तुम्हाला मिळणार. तोच देखावा २५ नंतर त्याच जागेवरून पुन्हा टिपा. ही जोडी एकेका सुट्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगते, आणि बहुतेक पर्यटक नेमकी तीच सोडतात.

कुठून सुरुवात करायची? माझ्या मते प्राचीन रोमन फोरमजवळच्या सांती कोस्मा ए दामियानो चर्चपासून. तिथला देखावा अठराव्या शतकातला, नेपल्सच्या घडणीचा आहे. या घडणीत डोकं भाजलेल्या मातीचं, हातपाय लाकडी, अंग तारेवर ताग गुंडाळून केलेलं आणि डोळे काचेचे असतात. सगळी गंमत त्या डोळ्यांत आहे. उभ्याने, वरून फोटो काढला की डोळ्यांत अंधार राहतो आणि माणसं बाहुल्या वाटतात. गुडघ्यावर बसा, कॅमेरा मूर्तीच्या नजरेच्या उंचीवर आणा आणि डावी-उजवीकडे इंचभर सरकत राहा. एका जागी दिव्याचा ठिपका बुबुळावर येतो आणि मेंढपाळ एकदम बघायला लागतो. तिथेच थांबायचं. अख्खा देखावा एका फ्रेममध्ये कोंबायच्या नादात हे हातचं जातं.

पिवळटपणा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवल्याने येतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि केल्विन, म्हणजे त्या सेटिंगचा आकडा, हाताने ३००० च्या आसपास लावा. पण ऊब पूर्ण काढून टाकू नका, दिव्याचा उजेड दिव्याचाच दिसायला हवा. फ्लॅश अजिबात नको, बहुतेक चर्चमध्ये मनाई असते आणि सपाटपणाही त्यानेच येतो. ट्रायपॉडही सहसा चालत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त चढवा, कोपर खांबाला टेकवा. एलईडीखाली सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने आडवे पट्टे येतात, म्हणून मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० वेग. तिथली वीज ५० हर्ट्झची आहे, या वेगांत दिव्यांची लुकलुक फोटोत दिसत नाही. काच असेल तर लेन्स काचेला भिडवून भोवती काळा रुमाल धरा. काही यांत्रिक देखाव्यांत दिवस-रात्रीचे दिवे आपोआप बदलतात. एक फेरी कॅमेरा खाली ठेवून बघा, मग पहाटेच्या उजेडाची वाट बघा.

कॅपिटोलिनो टेकडीवरच्या आराचेली चर्चला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात, पण चढाच. तिथली बाळ येशूची लाकडी मूर्ती रोमकरांची फार लाडकी. मूळ मूर्ती १९९४ मध्ये चोरीला गेली, आता आहे ती प्रतिकृती. पण तिच्यापुढे हात जोडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला कधी काही कमी दिसलं नाही. हे चेहरे टिपायचे असतील तर आधी डोळ्यांनी परवानगी मागा. आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) सुरू झाली की कॅमेरा पिशवीत.

दुपारी साडेबाराच्या सुमारास छोटी चर्च बंद होतात, ती साडेतीन-चारला उघडतात. सांता मारिया माज्जोरे हे मोठं चर्च मात्र दिवसभर उघडं असतं, ती वेळ तिथे घालवा. शिल्पकार आर्नोल्फो दी कांबिओने १२९१ च्या सुमारास घडवलेल्या गव्हाणीच्या संगमरवरी मूर्ती तिथल्याच. असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात गव्हाण मांडली, तिथूनच ही प्रथा सुरू झाली असं मानतात; त्यानंतर जेमतेम सत्तर वर्षांनी घडवलेलं हे काम. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या चौकातला मोठा देखावा संध्याकाळसाठी ठेवा: सूर्य बुडाल्यावर अर्धा तास आकाश निळं असतं, तेव्हाच दिवे आणि घुमट दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये नीट येतात.