कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल एकाच झाडापासून आले, हे खरं आहे का?
हो, अगदी खरं. दादरच्या मंडईत वेगवेगळ्या भावाने मिळत असले, तरी कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि (उगाच मिरवणारी) ब्रोकोली ही एकच प्रजाती: ब्रासिका ओलेरेसिया. मूळ रोप युरोपातलं रानटी, नुसत्या पानांचं. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मनाजोगत्या रोपाचंच बी राखत गेले. पानांचा गड्डा घट्ट वळणारी रोपं निवडली, तिथे कोबी झाला. खोड फुगलेली निवडली, तिथे नवलकोल. फुलोरा दाटलेली निवडली, तिथे फ्लॉवर.

फ्लॉवर भारतात १८२२ मध्ये इंग्लंडहून आला. थंडीचं पीक! इथल्या शेतकऱ्यांनी उकाडा सोसणाऱ्या रोपांचं बी धरलं, म्हणून आज भर पावसाळ्यातही पावभाजीत फ्लॉवर असतो.